फ्लॅश गॉर्डन तुम्हाला कुठे भेटला? अनुभव लिहा

माळा आवरताना इंद्रजाल कॉमिक्सचा एक मराठी अंक सापडला. अंतराळात लढणाऱ्या फ्लॅश गॉर्डनचा. मुखपृष्ठ नाही, शेवटची चार पानं नाहीत. रद्दीवाल्याकडून आणला तेव्हाही नव्हती. इंद्रजाल १९६४ साली सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. त्यातल्या वेताळाबद्दल, मँड्रेकबद्दल सगळे भरभरून बोलतात. फ्लॅश, त्याची प्रेयसी डेल, शास्त्रज्ञ डॉ. झारकोव आणि मोंगो ग्रहावरचा तो क्रूर मिंग मात्र कुणाला आठवत नाहीत. म्हणून हा धागा. लिहा.

*

आमच्या गल्लीत एक काका खोक्यात पुस्तकं मांडून बसायचे. तिथेच बसून वाचलं तर दहा पैसे, घरी न्यायचं तर पंचवीस. वेताळ कायम बाहेर गेलेला. "गॉर्डन ने की, कुणी हात लावत नाही त्याला," असं म्हणत काका अंक हातात कोंबायचे. माझं अंतराळप्रेम असं नाइलाजातून सुरू झालं!

*

मी वाचलेले अंक डॅन बॅरीच्या चित्रांचे. ७ जानेवारी १९३४ च्या रविवारी ज्यानं ही मालिका सुरू केली, त्या अ‍ॅलेक्स रेमंडचं काम फार उशिरा पाहिलं, कला महाविद्यालयात. मिंगच्या झग्याची एक चुणी ब्रशनं उतरवायला बसलो. जाड रेघ बारीक होत होत नेमकी कोपराशी संपते. सोळा कागद वाया घालवले, जमली नाही. आणि एक गंमत, मूळ फ्लॅश पोलो खेळणारा. १९८० च्या सिनेमात तो अमेरिकन फुटबॉलवाला झाला.

*

तोच सिनेमा! गणपतीत सोसायटीनं व्हीसीआर भाड्यानं आणला होता, रात्रभरात चार पिक्चर. हा चौथा. क्वीन या रॉक बँडचं संगीत दणदणत होतं, मिंग झालेला मॅक्स फॉन सिडो लग्नाला उभा, आणि पहाटे लाइट गेली. शेवट थेट नोकरी लागल्यावर पाहिला. तर तिथे मिंगची अंगठी कुणीतरी उचलतं आणि 'समाप्त'पुढे चक्क प्रश्नचिन्ह! म्हटलं, याचसाठी का एवढी वर्षं थांबलो?

*

१९३६ ची तेरा भागांची सिरियल बघा. यान उडतं आणि त्याचा धूर सरळ वर जातो, उदबत्तीसारखा. नायक बस्टर क्रॅब १९३२ च्या ऑलिम्पिकमधला पोहण्याचा सुवर्णपदक विजेता. नातवाला दाखवली, तो हसून लोळला. पण भाग संपताना फ्लॅश मरणाच्या दारात होता, तेव्हा "पुढचा लाव" हेही तोच म्हणाला. जॉर्ज लुकासला फ्लॅश गॉर्डनचे हक्क मिळाले नाहीत, म्हणून 'स्टार वॉर्स' जन्मलं. तरी पडद्यावर वर सरकत जाणारा तो मजकूर या जुन्या सिरियलींचाच.

*

धागाकर्ते, तुमच्या अंकातलं पहिलं चित्र कसलं आहे ते सांगा. माझ्याकडे फ्लॅशचे अकरा अंक एकत्र बांधलेले आहेत, शेवटची पानं शाबूत. फक्त नावावरून शोधता येणार नाही. बाइंडरनं सगळी मुखपृष्ठं फाडून टाकली होती.