एसीएलच्या शस्त्रक्रियेसाठी टेंडन कुठले घ्यावे: हॅमस्ट्रिंग की वाटीखालचे?

द्राक्षबाग_दिंडोरी:
नमस्कार. माझा २२ वर्षांचा धाकटा भाऊ नाशिकमध्ये शिकतो आणि कबड्डी खेळतो. गेल्या महिन्यात चढाईवरून परतताना त्याचा पाय मॅटवर रुतला, गुडघा पिळवटला आणि ‘कट्’ असा आवाज शेजारच्या खेळाडूलाही ऐकू आला. दोन तासांत गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्याच्या आत मांडीचे आणि नडगीचे हाड बांधून ठेवणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट) पूर्ण तुटल्याचे आणि मेनिस्कसलाही (दोन हाडांमधल्या कूर्चेच्या गादीलाही) चीर गेल्याचे दिसले. एका डॉक्टरांनी मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) घेऊन नवे लिगामेंट करण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्यांनी गुडघ्याच्या वाटीखालचे टेंडन सुचवले. तुटलेले लिगामेंटच का शिवत नाहीत? शिवाय घरी द्राक्षबाग असल्यामुळे ऑक्टोबरच्या छाटणीत तो हाताशी असेल का, हेही आम्हाला ठरवायचे आहे.

फिजिओ_गंगापूररोड:
एसीएल सांध्याच्या आत असते आणि भोवतालच्या द्रवामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे पूर्ण तुटलेले लिगामेंट नुसते शिवल्यास भरवशाने जुळत नाही. म्हणून दुर्बिणीतून मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत बोगदे करून त्यांतून टेंडन ओवतात आणि स्क्रू किंवा बटणाने पक्के करतात. वाटीखालच्या टेंडनला दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असतात. हाडाला हाड लवकर धरते, म्हणून वळण-पलटीचे खेळ खेळणाऱ्या तरुणांसाठी अनेक सर्जन ते पसंत करतात. मात्र गुडघे टेकून बसताना पुढच्या बाजूला दुखण्याची तक्रार त्यात अधिक आढळते, आणि बागेत काम करणाऱ्याने ही गोष्ट सर्जनना आवर्जून सांगितली पाहिजे. हॅमस्ट्रिंगमध्ये पुढचे दुखणे कमी असते, पण गुडघा पूर्ण दुमडून ओढण्याची ताकद काहीशी घटते, आणि चढाईपटूला ती लागते.

माझ्या मते मात्र टेंडनच्या निवडीपेक्षा शस्त्रक्रियेआधीचे आठवडे अधिक मोलाचे आहेत. सूज उतरलेली, गुडघा पूर्ण सरळ होत असलेला आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा झालेला, अशा अवस्थेत तो टेबलावर गेला पाहिजे. ताठरलेल्या गुडघ्यावर घाईने शस्त्रक्रिया केली, तर तो ताठरपणा पुढे महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही.

सातपूरकर:
माझे हॅमस्ट्रिंगने झाले आहे. पहिल्या आठवड्यात आराम वाटावा म्हणून मी गुडघ्याखाली उशी घेत असे, आणि ती उशी नको हे मला कोणी सांगितलेच नव्हते. परिणामी गुडघा थोडा वाकलेलाच राहिला. मग टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, मांडी आवळून गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकवण्याचा व्यायाम दिवसातून अनेकदा करावा लागला. गुडघा आणि गादी यांच्यातली फट मी बोटांनी मोजत असे; दोन बोटांवरून ती नाहीशी व्हायला पाच आठवडे लागले. भावाची उशी आजच काढून टाका.

दुसरे म्हणजे, तिसऱ्या महिन्यात दुखणे जवळजवळ थांबते आणि आपण बरे झालो असे वाटते. मीही पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला निघालो होतो. फिजिओनी थांबवले, हे माझे नशीब.

फिजिओ_गंगापूररोड:
त्यांनी योग्यच थांबवले. बसवलेल्या टेंडनला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. शरीर हळूहळू त्यात रक्तवाहिन्या वाढवते आणि त्याची नव्याने बांधणी करते. या काळात, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ते बसवतानाच्या मानाने कमकुवत असते. पेशंटला मात्र तेव्हाच पाय भक्कम वाटतो. त्यामुळे कबड्डी किमान ९ महिन्यांनंतर, आणि तीही केवळ तारीख पाहून नव्हे, तर दुखावलेल्या पायाची ताकद व एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्क्यांपर्यंत आल्यावरच. मेनिस्कस शिवावे लागले, तर पायावर भार देणे आणि उकिडवे बसणे काही आठवडे लांबते. ते कापले जाणार की शिवले जाणार, हे आधीच विचारून घ्या.

द्राक्षबाग_दिंडोरी:
मनापासून आभार. उशी काल रात्रीच काढली. गुडघा अजून दीड बोट वर राहतो. तो सरळ होईपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख घेणार नाही आणि छाटणीसाठी यंदा मजूर सांगून ठेवतो. बागेतल्या बसण्याचे आणि मेनिस्कसचे सोमवारी डॉक्टरांना विचारून इथेच कळवीन.