टिरियन नाही, जॉन नाही, डॅनेरिस नाही: हा राग बालिश कसा?

कोरडवाहू:
परवा 'रानवाटा' यांनी लिहिलं की ज्यांना 'अ फीस्ट फॉर क्रोज' (ज्यावरून टीव्हीवरची 'गेम ऑफ थ्रोन्स' निघाली त्या जॉर्ज मार्टिनच्या कादंबरीमालिकेचा चौथा खंड) आवडलं नाही त्यांना पुस्तक वाचायचंच नसतं, फक्त लाडक्या पात्रांना भेटायचं असतं, आणि ही वाचनाची बालिश पायरी आहे. दोन दिवस गप्प बसलो. पण हे माझ्यासारख्या शेकडोंना उद्देशून आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

२००० साली तिसरा खंड संपला तेव्हा टिरियन बापाला शौचकूपात बाण मारून पळाला होता. जॉन उत्तरेच्या भिंतीवरच्या पहारेकऱ्यांचा प्रमुख, म्हणजे लॉर्ड कमांडर, झाला होता. डॅनेरिसनं जिंकलेल्या मीरीन शहरातच राहून राज्य करायचं ठरवलं होतं. तिघांनाही ऐन वळणावर आणून लेखकानं पुस्तक मिटलं. आम्ही पाच वर्षं थांबलो. २००५ च्या डिसेंबरात मावसभाऊ अमेरिकेहून आला, त्याच्या बॅगेतून मी आधी पुस्तक काढलं. ताट वाढलेलं तसंच राहिलं. या मालिकेत बहुतेक प्रकरणांना पात्राचंच नाव असतं, म्हणून उभ्याउभ्या नावं चाळत सुटलो. सर्सी, ब्रिएन, जेमी, सर्सी, ब्रिएन. टिरियन दिसेना. वाटलं पानं चिकटली असतील, पुन्हा पहिल्यापासून चाळलं. शेवटी मागे लेखकाची टीप सापडली. गोष्ट फार वाढली, सगळ्यांची अर्धी सांगण्यापेक्षा अर्ध्यांची पूर्ण सांगितली, उरलेले पुढच्या खंडात, आणि तो वर्षभरात यावा अशी आशा. तो खंड आला २०११ साली. टिरियनचं पुढचं पाऊल कुठे पडलं हे कळायला ११ वर्षं!

नव्या पात्रांशी माझं वैर नाही. पण तीन खंड खपून लेखकानंच आम्हाला या माणसांना जीव लावायला शिकवलं. मग जीव लागला म्हणून आम्हालाच बालिश कसं म्हणता?

रानवाटा:
'बालिश' शब्द कडक झाला असेल, मुद्दा मागे घेणार नाही. सर्सीला, म्हणजे टिरियनच्या राणी बहिणीला, तुम्ही तीन खंड फक्त बाहेरून पाहिलंत. चौथ्यात पहिल्यांदा तिच्या डोक्यात शिरता, तेव्हा कळतं की आपण बापासारख्याच आहोत अशी समजूत करून घेतलेली ही बाई आपलाच एकेक आधार तोडत चालली आहे. शेजारी टिरियनचं प्रकरण असतं तर तुम्ही सर्सीची पानं भराभर उलटली असती. खरं सांगा, उलटली असती की नाही?

आणि विभागणीनं काय साधलं तेही पाहा. चौथ्या खंडात जॉनचा मित्र सॅम जहाजावर आहे, सोबतची बाळ घेतलेली गिली रडते आहे, आणि ती का रडते हे त्याला बराच काळ उमगत नाही. पाचव्यात तोच प्रसंग जॉनच्या बाजूनं येतो. गिलीचं बाळ मागे ठेवून तिच्या हाती दुसऱ्याचं द्यायचं, ही अदलाबदल त्यानं करायला लावली, आणि मित्राला न सांगता. सॅमच्या प्रकरणात जॉन थंड, परका वाटतो. खुर्चीवर बसलेला मित्र बाहेरून असाच दिसतो. दोन पुस्तकांत तोडल्याशिवाय हे जमलं नसतं.

कोरडवाहू:
दोन पुस्तकांत तोडल्यामुळे नाही, दोन पात्रांकडून सांगितल्यामुळे जमलं. ते एकाच पुस्तकात शंभर पानांच्या अंतरानंही जमतं, पहिल्या तीन खंडांत तेच तर केलं होतं. बाकी सर्सीची प्रकरणं चांगली आहेत, हे मी कधीच नाकारलं नाही. आणि हो, पानं उलटली असती.

दहावा_खंड:
तुम्ही लोक ११ वर्षांचं दुःख सांगताय, मी रॉबर्ट जॉर्डनची 'व्हील ऑफ टाइम' ही कादंबरीमालिका वाचलीय. १९९६ साली सातव्या खंडाच्या शेवटाकडे मॅट या मुख्य पात्राच्या अंगावर भिंत कोसळते. १९९८ च्या आठव्या खंडात तो अख्ख्या पुस्तकात नाही. मेला की जगला, तेही नाही. तो २००० साली नवव्यात उठला. त्याआधी पाचव्या खंडात पेरिन या दुसऱ्या मुख्य पात्राला असंच गाळलं होतं. आणि मग २००३ चा दहावा! नवव्याच्या शेवटी नायक रँड इतकं मोठं काम करतो की जगाचे नियम बदलतात, आणि पुढचं पुस्तक मोठ्या भागात काय सांगतं, तर त्याच वेळी बाकीचे कुठे होते आणि त्यांनी लांबून काय पाहिलं. पेरिन बायकोला शोधतोय तो शोधतोयच.

जॉर्डन २००७ मध्ये गेले. शेवटचे तीन खंड दुसऱ्या लेखकानं त्यांच्या टिपणांवरून पूर्ण केले, २०१३ साली संपलं. तो दहावा खंड हातात होता तेव्हा लेखकाकडे चार वर्षं उरली होती, हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं. राग नाही, वाईट वाटतं.

अण्णा_वाईकर:
तुम्हा तरुण मंडळींची एक गंमत वाटते. मुख्य पात्रांना बाजूला ठेवणं हा जणू या इंग्रजी लेखकांचाच शोध! आपल्या वनपर्वात काय आहे? पांडव रानात, अर्जुन बराच काळ अस्त्रांसाठी दूर, आणि ऋषी येऊन गोष्टी सांगतायत. नल-दमयंती, सावित्री, अख्खं रामायणसुद्धा. तिथे कुणी तक्रार केली का? हजारो वर्षं लोक आवडीनं ऐकतायत.

पुस्तककिडा:
अण्णा, ही उदाहरणं इथे लागू नाहीत. नलोपाख्यान वगैरे मागाहून घुसडलेलं आहे. मूळ कथेत नसलेल्या भरतीवरून लेखनतंत्र कसं शिकणार?

अण्णा_वाईकर:
घुसडलेलं कुणी ठरवलं? भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढून पाहा. आरण्यकपर्व खुद्द सुकथनकरांनी संपादित केलं, १९४२ साली. नलोपाख्यान संहितेत आहे, तळटीपेत ढकललेलं नाही.

पुस्तककिडा:
चिकित्सक आवृत्ती म्हणजे मूळ महाभारत नव्हे. उपलब्ध हस्तलिखितांवरून जितकं मागे जाता येतं तिथपर्यंतचा पाठ. सगळ्या हस्तलिखितांत आहे एवढंच सिद्ध होतं, त्याच्याही आधी भर पडली असेल तर ती आवृत्ती काय करणार? हे सुकथनकरही जाणून होते. संस्थेचं नाव घेतलं की वाद संपला, ही आपल्याकडची सवय मला कधीच पटली नाही.

अण्णा_वाईकर:
सवय? माझे वडील चाळीस वर्षं देवळात पुराण सांगायचे, मी त्यांच्या मांडीवर बसून हे ऐकलंय. तुम्ही दोन लेख वाचून आम्हाला 'भरती' शिकवू नका.

पुस्तककिडा:
दोन लेख कुणी वाचले ते तुम्हाला काय ठाऊक? संस्कृत घेऊन एम.ए. केलंय मी. वयाचा मान ठेवतो, पण मांडीवर बसून ऐकलं हा पुरावा होत नाही.

रानवाटा:
दोघेही जरा दमानं घ्या. विषय काय होता?

अण्णा_वाईकर:
विषयावरच आहे. आधी भरती की मूळ ते सोडा, गोष्ट काय काम करते ते पाहा. युधिष्ठिर द्यूतात सगळं हरून बसलाय, बृहदश्व ऋषींना विचारतो, माझ्याहून दुर्दैवी राजा कुणी झाला का? ते नलाची गोष्ट सांगतात. नलही द्यूतातच हरला, आणि अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकून पुन्हा जिंकला. गोष्ट संपल्यावर बृहदश्व युधिष्ठिराला तेच अक्षहृदय देतात. म्हणून हा विराटाच्या दरबारात कंक होऊन फासे टाकायला बसू शकतो. नलाची गोष्ट रस्ता सोडून गेली आणि परत येताना धर्मराजाच्या हातात काहीतरी ठेवून गेली. वडील हे सांगायला लागले की दिव्याची वात सारायलाही कुणी उठत नसे. पहिले दोन दिवस मात्र मागून कुणीतरी हटकून विचारायचं, "पण भीम कुठाय?" वडील हसून म्हणायचे, येईल.

कोरडवाहू:
अण्णा, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. तुमच्या गावची ती माणसं बालिश होती का? ज्याच्यासाठी येऊन बसलो तो कुठे गेला, एवढंच ती विचारत होती, आणि तुमच्या वडिलांनी त्यांना वेडं ठरवलं नाही. 'येईल' म्हणाले आणि दोन दिवसांत आणला.

आता हाच न्याय ब्रिएनला लावा. ही धिप्पाड योद्धी दिलेल्या शब्दापायी आठ प्रकरणं सान्सा या पळालेल्या सरदारकन्येला शोधत फिरते. सान्सा तिथे नाही, ती एरीच्या डोंगरात आहे, हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत. या शोधातून कुणाच्या हातात काय पडलं? चिखल, पाऊस, उजाड गावं. ही प्रकरणं मला अजूनही नुसती पायपीट वाटतात.

रानवाटा:
त्या पायपिटीतच सेप्टन मेरिबाल्ड या धर्मगुरूचं युद्धातून पळालेल्या माणसांवरचं बोलणं आहे. भावांबरोबर लढायला गेलेला पोरगा, भाऊ एकेक करून मेले. तीन खंड राजांचं युद्ध वाचून जे कळलं नाही, ते त्या पानात कळतं.

सदाफुली:
मी इथे फारशी लिहीत नाही, पण 'नुसती पायपीट' वाचून राहवलं नाही.

माझी उंची पाच फूट दहा इंच. आमच्या तालुक्याच्या गावात अकरावीपासून मला मागून 'विजेचा खांब' म्हणायचे. बघण्याचे अकरा कार्यक्रम झाले. नवव्यात मुलाच्या मामानं मला उभं राहायला सांगितलं, मुलाला शेजारी उभं केलं, आणि सगळे हसले. माझे बाबा पण हसले, कसंनुसं. मी पोह्यांच्या बशा गोळा करून आत गेले.

पुस्तक मी त्यानंतर वाचलं, नोकरीला लागल्यावर, लोकलमध्ये. रॉनेट कॉनिंग्टन ब्रिएनला बघायला येतो, तिच्या हातात गुलाब देतो आणि म्हणतो, माझ्याकडून तुला एवढंच मिळेल. मी पुस्तक मिटलं आणि माझं स्टेशन गेलं. त्याच खंडात जेमी, सर्सीचा हात तुटलेला जुळा भाऊ, हॅरेनहॉलच्या किल्ल्यात त्या रॉनेटच्या तोंडावर आपला सोन्याचा हात मारतो. मी ते पान किती वेळा वाचलं असेल सांगता येणार नाही.

कोरडवाहू, तुम्ही टिरियनसाठी नावं चाळत होता. तुमच्यासाठी ती 'बाजूची' बाई. माझ्यासाठी मालिका तिथे सुरू झाली. सान्सा सापडत नाही, लोक हसतात, ती तरी दिलेला शब्द घेऊन पुढच्या गावाला जाते. मुख्य पात्र कोण हे तुम्ही ठरवलंत, पुस्तकानं नाही.

दहावा_खंड:
सदाफुली, यावर काय बोलणार. लिहीत जा.

निशाचर:
मी बहुतेक इथे सगळ्यात लहान. टीव्हीवरची मालिका संपल्यावर २०१९ मध्ये वाचायला घेतली, पाचही खंड एकदम. मित्रानं चौथ्या-पाचव्याची प्रकरणं एकाआड एक लावलेला वाचकांनी केलेला क्रम पाठवला, तसंच वाचलं. सर्सी, मग टिरियन, मग ब्रिएन, मग जॉन. मला काहीच कमी वाटलं नाही. कोरडवाहू दादा, तुम्ही पण तसं एकदा वाचून बघा.

कोरडवाहू:
वाचलंय रे, मागच्या वर्षी. तुझ्या बाजूला दोन्ही पुस्तकं उशाशी होती, माझ्या बाजूला सहा वर्षांची फट होती. तुला कमी वाटलं नाही, कारण तू त्या क्रमात टिरियनला परत आणून बसवलंस. वाचकांना हाताने पुस्तक शिवून घ्यावं लागलं, याचा अर्थ काय होतो?

रानवाटा:
अर्थ एवढाच की बांधणीत मावलं नाही. लेखकाला आधी पाच वर्षं उडी मारून पुढे जायचं होतं, ते जमेना, सगळा आधीचा काळ मागे वळून सांगावा लागत होता, म्हणून ती उडी सोडली. सगळं नव्यानं लिहिलं ते इतकं झालं. 'वर्षभरात येईल' ही ओळ छापायला नको होती, हे मी मान्य करतो. पुस्तकाबद्दल नाही, त्या ओळीबद्दल.

कोरडवाहू:
त्या ओळीबद्दल मान्य केलंत, तेवढं पुरे. 'बालिश' पण काढा.

रानवाटा:
'अधीर' म्हणतो. त्याच्याखाली उतरणार नाही.

कोरडवाहू:
सदाफुली, तुमचं लिहिणं काल रात्री दोनदा वाचलं. 'नुसती पायपीट' मागे घेतो. आठ प्रकरणं जास्त आहेत हे मत मागे घेत नाही. पण मीही एक विचारतो, टोमणा म्हणून नाही. चौथ्या खंडात ब्रिएनच्या गळ्यात फास आहे, ती एक शब्द ओरडते, तो शब्द लेखक सांगत नाही आणि प्रकरण संपतं. २०११ च्या खंडात ती जेमीच्या एका प्रकरणात येते, चार वाक्यं बोलते आणि त्याला घेऊन जाते. तिचं स्वतःचं एकही प्रकरण नाही. सहावा खंड अजून आलेला नाही. तुम्हाला राग येत नाही?

सदाफुली:
येतो. पाचवा खंड हातात आला तेव्हा मीही नावं चाळली होती. जॉन, टिरियन, डॅनेरिस, पुन्हा टिरियन. दोनदा चाळली. ती कुठेच नव्हती.

अण्णा_वाईकर:
पोरी, तो शब्द काय होता असं तुला वाटतं?

सदाफुली:
'तलवार' असावा, अण्णा. जेमीला मारायला तलवार घे, नाहीतर फास, अशी निवड पकडणाऱ्यांनी तिला दिलेली असते. म्हणजे ती जेमीला मारायला कबूल झाली. पण मला ते अजून खरं वाटत नाही, म्हणून मी थांबलेय.