मदत हवी आहे: वॉश पुसताना कॉर्सेर मॉडेलच्या पंखावरचा रंग निघाला

सॉलोमन बेटांवरच्या १९४४ सालच्या अमेरिकन मरीन्सच्या एफ४यू-१ए कॉर्सेर लढाऊ विमानाचं प्लास्टिक मॉडेल करतेय, १:४८ प्रमाणात. वरून सी ब्लू, बाजूला इंटरमीजिएट ब्लू, खालून पांढरा. दोन निळ्यांमधली सीमा एअरब्रशने इतकी अलगद विरली की बराच वेळ नुसती बघत बसले होते. रंग अ‍ॅक्रिलिक. त्यावर ग्लॉस (चकचकीत वार्निश), डेकल (पाण्याने चिकटणारी चिन्हं), परत ग्लॉस, आणि दुसऱ्या दिवशी पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडरेषा, उठून दिसाव्यात म्हणून इनॅमल वॉश (खूप पातळ केलेला गडद रंग).

वॉश वीसेक मिनिटं सुकू दिला आणि व्हाइट स्पिरिटने ओलसर केलेल्या इअरबडने पुसायला घेतला. शेपटीपासून सुरुवात केली, सगळं छान चाललं होतं. डाव्या पंखाच्या मुळाशी आले आणि पोपडाच सुटला. साधारण दीड सेंटिमीटर जागा, खाली थेट करडं प्लास्टिक. इअरबडला निळा डाग नाही, पापुद्रा अख्खा निघाला. भाग साबणाने धुतले नव्हते. प्रायमरही (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारला नाही, बारीक रिव्हेट बुजतील अशी भीती वाटली.

पहिला विचार आला, राहू दे. तिथे मेकॅनिक चढायचे, रंग झिजायचाच. मग हिशेब केला: दीड सेंटिमीटर गुणिले ४८, म्हणजे खऱ्या विमानावर ७२ सेंटिमीटर! बुटांखाली झिजणारा रंग आधी फिकट पडतो, मग ठिपक्याठिपक्यांनी प्रायमर दिसतो, पत्रा सगळ्यात शेवटी. माझा डाग तसा अजिबात दिसत नाही.

पूर्ण पंखाचा रंग उतरवू की तेवढीच डागडुजी करू? आणि प्रवाळाच्या धावपट्टीवर उन्हात उभं राहिलेल्या विमानाचा फिकटपणा कसा आणायचा? फालतू प्लास्टिकवर सी ब्लूमध्ये पांढरा मिसळून पाहिला, आकाशी खेळणं दिसायला लागलं.

प्रतिसाद

रंग विरघळून पसरला असता तर स्पिरिटला दोष देता आला असता. पापुद्रा निघाला म्हणजे पकडच नव्हती. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर प्लास्टिकवर राहतो, त्यावर अ‍ॅक्रिलिक नुसतं बसतं, धरत नाही. म्हणून आधी हे शोधा की किती भाग सैल आहे. मास्किंग टेप तळहातावर दोनदा चिकटवून तिचा जोर कमी करा आणि डागाभोवती लावून हळू उचला. रंग सोबत आला तर तेवढा भाग उतरवा, वरवरची डागडुजी टिकणार नाही. प्रायमर पातळ थरात मारलात तर रिव्हेट बुजत नाहीत.

फिकटपणासाठी पांढरा नको. सी ब्लूमध्ये फिकट करडा आणि अगदी किंचित बफ (फिकट पिवळसर तपकिरी) घाला, खूप पातळ करून पॅनलच्या मधोमध फवारा. नंतर मॅट वार्निशवर तैलरंगाचे बारीक ठिपके देऊन ओलसर ब्रशने वाऱ्याच्या दिशेने ओढा, जुना-नवा रंग त्यात एकजीव होतो. एक लक्षात ठेवा: या कॉर्सेरच्या बाहेरच्या पंखाचा मागचा भाग कापडी होता. तिथे पत्र्याचा एकही ओरखडा नको, फक्त मऊ, सलग फिकटपणा.

मूळ लेखिका

टेप लावून पाहिली. मुळाशी अजून दोन ठिकाणी पापुद्रा आला, बाहेरच्या भागावर काहीच नाही. तेव्हा पंख जिथे दुमडतो त्या सांध्यापर्यंतच उतरवते, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जेमतेम ओला कापूस घेऊन. नवा-जुना रंग भेटेल तिथे खऱ्या विमानातही जोडच आहे, आणि डेकलचा तारा त्याच्या पलीकडे असल्यामुळे वाचतो. कापडी भागाचं खूप बरं झालं सांगितलंत, उद्या तिथेच ओरखडे काढणार होते.