अनुभव धागा: उंचावर गेलेला आईचा केक

नौपाडेकर: भाचीने आज डेन्व्हरहून केकचा फोटो पाठवला, मधोमध हा खड्डा! एकदम लेहचे दिवस आठवले. ह्यांची बदली होती तिथे. आईचा रव्याचा केक, दही-सोडा-वेलची घातलेला, वरून चारोळी. ठाण्यात डोळे झाकून जमायचा. तिथे ओव्हनमध्ये बघता बघता डब्याच्या काठापर्यंत चढला आणि मग मधूनच बसला. कडा कोरड्या, पोटात गिच्च.

शेजारच्या बाईंनी उलगडून सांगितलं. लेह ३५०० मीटरवर, हवेचा दाब इथल्या साधारण दोन तृतीयांश. सोड्याचा वायू जास्त फुगतो आणि केक शिजून धरायच्या आत बुडबुडे फुटतात. पाणीही ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून ओलावा भराभर उडतो आणि साखरेचं प्रमाण चढतं. मग सोडा निम्म्यावर आणला, वाटीभर साखरेतून दोन चमचे काढले, दूध थोडं वाढवलं, ओव्हन १० अंश जास्त. जमला. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, "साखर कमी? मग ढोकळाच कर की."

तुमचेही अनुभव लिहा.

खारघरची_मी: आई रॉक्स 😂 नणंद डेन्व्हरलाच आहे. ती एक अंडं जास्त घालते, त्याने केक धरतो. आणि डबा निम्माच भरते. तूप लावून वर मैदा भुरभुरवायचा, तिकडे जास्त चिकटतो म्हणे.

डाळभातवाला: केकचं माहीत नाही, पण लेहला उघड्या पातेल्यात तुरीची डाळ लावणाऱ्याला माझा दंडवत. आम्ही जेवायला बसलो तेव्हा डाळ डाळीच्या जागी, पाणी पाण्याच्या जागी.

घोडबंदर२३: मी तेविसाव्या मजल्यावर राहतो. सोडा कमी करू का?

नौपाडेकर: @घोडबंदर२३ तुमचा मजला जेमतेम सत्तर मीटर हो. ९००-१००० मीटरच्या पुढे फरक जाणवायला लागतो. केक बसत असेल तर सारखं दार उघडून बघणं बंद करा.

घोडबंदर२३: बायकोने वाचलं. आता ओव्हनजवळ जायची बंदी आहे.

ऐरोली_आजी: महाबळेश्वरला मुलाने बंगला भाड्याने घेतला होता, नातीचा वाढदिवस. तिथे १३५० मीटर आहे ना, थोडासाच बसला. खड्ड्यात स्ट्रॉबेऱ्या भरल्या, वर साय. पोरांना वाटलं आजीने मुद्दाम केलंय. मी कशाला सांगतेय!

कळव्याची: कुकरमध्ये केला तर? दाब राहील ना आत?

खारघरची_मी: @कळव्याची केकला शिट्टी नि रबर काढूनच ठेवतो ना गं आपण, खाली मीठ घालून. मग दाब कुठला? ओव्हनसारखंच झालं ते.

कळव्याची: हो की 🙈 दूध उतू चाललंय, आले

बिनअंड्याची: आमच्याकडे अंडं चालत नाही. कंडेन्स्ड मिल्कचा करत असाल तर ते मुळातच गोड असतं, त्यामुळे वरची साखर आधी काढा. सिमल्याला दिराकडे मी असाच केला, २२०० मीटर. बेकिंग पावडर चमच्याला पाऊण. उगाच भीतीने अगदी चिमूटभर घालाल तर वीट होईल, आमच्या जाऊबाईंनी तेच केलं होतं.

डाळभातवाला: जाऊबाई हा धागा वाचतात का?

बिनअंड्याची: नाही. आणि तुम्ही सांगायचंही नाही.

ऐरोली_आजी: चारोळी कुठून घेता गं? मागची खवट निघाली.

नौपाडेकर: आजी, मी जांभळी नाक्यावरून घेते. आधी एक दाणा चावून बघायचा, मगच वजन करायला सांगायचं. आणि घरी आणली की सरळ फ्रीजमध्ये.

घोडबंदर२३: वाशीच्या मार्केटला स्वस्त पडते का?

खारघरची_मी: @घोडबंदर२३ घाऊक घेतलीत तर. पण पाव किलो चारोळीचं करणार काय? केकला चमचाभर लागते.