जुन्या डॉज ट्रकचा चोक आणि फास्ट आयडल: सेटिंगची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (चोपडा, जि. जळगाव)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे आजोबांनी घेतलेला, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जोडणी झालेला डॉजचा पेट्रोल ट्रक आहे. इंजिन सहा सिलिंडरांचे, कार्बोरेटर कार्टरचा आणि चोक (थंड इंजिन लागावे म्हणून हवा अडवणारी झडप) डॅशबोर्डवरील गुंडीने हाताने ओढायचा. एकेकाळी आमचा सगळा कापूस याच ट्रकमधून जिनिंगला जात असे, त्यामुळे तो भंगारात द्यायला घरात कोणाचेच मन धजत नाही आणि गेली दोन वर्षे मी तो पुन्हा रस्त्यावर आणण्याच्या खटपटीत आहे.

सध्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली असताना चोक पूर्ण ओढून सेल्फ मारला की इंजिन लागते, चार सेकंद फडफडते आणि बंद पडते. दहा मिनिटे पाय ॲक्सिलेटरवरून काढता येत नाही. गॅरेजमध्ये यावर उपाय म्हणून स्लो स्पीडचा (ॲक्सिलेटर न दाबता इंजिन किती वेगाने फिरावे ते ठरवणारा) स्क्रू दीड फेरा आत घेण्यात आला. त्याने सकाळचा त्रास थोडा कमी झाला, परंतु अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर गाडी तापली की रेस खाली उतरतच नाही आणि पहिला गिअर टाकताना दात करकरतात. फास्ट आयडलचा (चोक ओढलेला असताना हा वेग वाढवणारा) स्क्रू अर्धा-पाऊण फेरा फिरवून पाहिला, त्याने काहीच फरक पडत नाही. चूक कोठे होत असावी?

उत्तर (धुळे)

दादा, फास्ट आयडलचा स्क्रू फिरवूनही फरक पडत नाही, हे आपण लिहिले ते फार बरे झाले, कारण दुखणे तेथेच आहे. चोक ओढला की कॅम (चोकला जोडलेला पायऱ्यांचा छोटा तुकडा) वर सरकतो आणि त्यावर टेकलेला फास्ट आयडलचा स्क्रू थ्रॉटल (ॲक्सिलेटरने उघडणारी झडप) किंचित उघडा धरतो, एवढेच या यंत्रणेचे काम. आपला स्लो स्पीडचा स्क्रू आधीच इतका आत गेला आहे की थ्रॉटल त्याच्याच आधारावर उघडा राहतो आणि फास्ट आयडलचा स्क्रू कॅमला बहुधा टेकतच नाही. म्हणून त्याला हात लावण्यापूर्वी बाकीचे मूळ जागी आणावे लागेल.

एअर क्लीनर काढा, कोणाला तरी गुंडी पूर्ण ओढायला सांगा आणि वरून टॉर्च मारून पाहा. चोकची झडप नळीच्या भिंतीला सर्व बाजूंनी टेकली पाहिजे. जुन्या गाड्यांत केबलच्या बाहेरच्या नळीची क्लिप सैल होते, गुंडी ओढली की तारेऐवजी नळीच सरकते आणि झडप पाऊणच मिटते. झडप अर्धवट राहिली की कॅमही वरच्या पायरीपर्यंत पोहोचत नाही. क्लिप घट्ट करा, गुंडी पूर्ण आत ढकलून दोन-तीन मिलिमीटर बाहेर घ्या, झडप हाताने पूर्ण उभी, म्हणजे उघडी धरा आणि मगच तारेचा स्क्रू आवळा. एवढी ढील ठेवली नाही तर झडप कधीच पूर्ण उघडत नाही आणि गाडी दिवसभर जास्त पेट्रोल पीत राहते.

त्यानंतर इंजिन वीस मिनिटे चालवून पूर्ण गरम करा, चोक आत असल्याची खात्री करा आणि स्लो स्पीडचा स्क्रू मागे घेत इंजिन ५०० आरपीएमच्या आसपास आणा. या वेळी फास्ट आयडलचा स्क्रू आणि कॅम यांच्यामध्ये फट दिसलीच पाहिजे. मग इंजिन बंद करून, ॲक्सिलेटर किंचित दाबून चोक पूर्ण ओढा, स्क्रू कॅमला टेकेपर्यंत आणा आणि तेथून एक फेरा आत घ्या. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना. माझ्या अशाच इंजिनावर १००० ते १२०० आरपीएम पुरेसे होतात. हे करण्याआधी पॉइंटची (ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांमधील) गॅप तपासा आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा ओढली जात नाही ना, हेही पाहून घ्या, नाहीतर सगळी मेहनत वाया जाईल.

उत्तर (साक्री, जि. धुळे)

धुळ्याच्या भाऊंनी सांगितलेला क्रम योग्यच आहे. त्यात एका गोष्टीची भर घालतो. चोकच्या झडपेचा दांडा अनेक कार्बोरेटरांत मधोमध नसतो आणि तिच्यावर एक हलकी स्प्रिंग असते. इंजिन लागले की आत ओढली जाणारी हवा त्या स्प्रिंगविरुद्ध झडप थोडी उघडते. ही स्प्रिंग गंजली किंवा दांडा काजळीने अडकला, तर इंजिन लागताक्षणी पेट्रोल जास्त होऊन बंद पडते, आणि आपल्या गाडीचे लक्षण थोडे तसेही दिसते. झडप बोटाने दाबून पाहा. ती हलली पाहिजे आणि सोडल्यावर परत यायला हवी.

माझ्या जुन्या जीपमध्ये झडप अशीच अडकली होती आणि मी महिनाभर तशीच चालवली. एके दिवशी ऑइलची पट्टी काढली तर पातळी खुणेच्या वर, आणि पट्टीला पेट्रोलचा वास. सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन पेट्रोल खाली उतरत होते. आपणही पट्टी आजच तपासावी, आणि तसा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नये, ही कळकळीची विनंती.

उत्तर (भुसावळ)

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, हेही ध्यानात घ्यावे. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला सुमारे साडेतेरा पट. म्हणजे जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रावर) इंजिन थोडे उपाशी राहते. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, त्यामुळे थंडीत चोक पूर्वीपेक्षा थोडा अधिक वेळ ओढून ठेवावा लागणे साहजिक आहे. ॲक्सिलरेटर पंपाचा (ॲक्सिलेटर दाबताच जादा पेट्रोल सोडणाऱ्या पंपाचा) वॉशर आणि रबरी नळ्याही बदलून घ्याव्यात. मे महिन्यात मात्र गरम इंजिनावर चोक ओढू नये. पेट्रोल ओव्हर झालेच तर चोक आत ठेवून, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारावा.

प्रश्नकर्ता (चोपडा)

सर्वांचे मनापासून आभार. क्लिपचे भोक झिजून लांबट झाले होते आणि गुंडी पूर्ण ओढल्यावरही झडपेच्या कडेला करंगळी जाईल एवढी फट राहत होती. स्प्रिंग ठीक आहे, पट्टीला पेट्रोलचा वास नाही. नवी क्लिप बसवली, स्लो स्पीडचा स्क्रू मागे घेतला आणि फास्ट आयडल एक फेरा व वर पाव फेऱ्यावर स्थिर झाले. आज पहाटे इंजिन पहिल्याच सेल्फला लागले आणि पाय न लावता चालू राहिले. तीन मिनिटांनी चोक अर्धा आणि सात मिनिटांनी पूर्ण आत ढकलला. पंपाचा वॉशर चामड्याचा निघाला असून कडेने फाटला आहे. तो जळगावात मिळतो का, याच्या शोधात उद्या निघतो आहे.