मदत हवी आहे: 'टर्की'ची आठवण नातेवाईकांना कशी समजवायची?

नमस्कार मंडळी. नाशिकरोडला व्यसनमुक्ती समुपदेशकांसाठी दीड तासाचं सत्र घ्यायचंय, पण एका मुद्द्यावर घोडं अडलंय.

गर्दची (हेरॉइनची) टर्की, म्हणजे नशा थांबल्यावर शरीराला होणारा त्रास, शेवटच्या डोसनंतर 6 ते 12 तासांत सुरू होते आणि 1 ते 3 दिवसांत कळसाला जाते. इथपर्यंत सांगणं सोपं आहे. मेंदूच्या देठातला लोकस सेरुलियस हा पेशींचा छोटा पुंजका गर्दने दाबून ठेवलेला असतो, दाब उठला की शरीराला सावध करणारं रसायन नॉरअ‍ॅड्रेनॅलिन उसळतं. म्हणून घाम, अंगावर काटा, धडधड. क्लोनिडिन हे औषध नेमकं तिथेच लगाम घालतं (बीपी पाहूनच द्यायचं, हे वेगळं सांगायला नको).

पंचाईत पुढे आहे. गर्द सोडल्यावर महिन्याभराने माणूस नशा करायच्या जुन्या कट्ट्यावर उभा राहिला की पुन्हा जांभया, नाक गळणं, पोटात मुरडा. घरचे म्हणतात, "नाटकं करतोय!" टर्कीसुद्धा शिकली जाते, म्हणजे शरीर ती जागेशी जोडून ठेवतं, ही कल्पना अमेरिकन संशोधक अब्राहम विकलर यांनी 1948 मध्येच मांडली. उंदरांच्या मेंदूत थॅलॅमसच्या पॅराव्हेंट्रिक्युलर भागाकडून न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्सकडे जाणारा मार्ग शांत केला, तर टर्की अनुभवलेली जागा ते टाळेनासे होतात.

हे साध्या मराठीत सांगायला कुणाकडे चांगली उपमा आहे का? या आठवणीसाठी 'ओरखडा' शब्द मला अपुरा वाटतो. दुसरं, केंद्रातल्या खोलीत ही आठवण सोसण्याचा केलेला सराव कट्ट्यावर टिकत नाही, कारण जागा बदलली की जुनं शिकलेलं वर येतं. मग प्रत्यक्ष जागेवरचा सराव तुम्ही किती टप्प्यांत, कुणाला सोबत घेऊन करता? आणि गर्द पेलायची शरीराची सवय (सहनशक्ती) उतरल्यावर जुनाच डोस जीवघेणा ठरतो, हे न घाबरवता कसं सांगता?