सी ड्राइव्ह भरून लाल झालाय, डी मधली जागा त्याला कशी देऊ?

मंडळी, घरच्या पीसीला ५१२ जीबीची एसएसडी आहे, सी ला फक्त १०० आणि बाकी सगळी डी ला. आता विंडोज अपडेट पण होईना. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी श्रिंक (छोटा) करून ५० जीबी मोकळी केली तरी सी वर राइट क्लिक केलं की एक्स्टेंड व्हॉल्यूम (जागा वाढवायचा पर्याय) पुसटच दिसतंय, दाबताच येत नाही. काय करू?

उत्तर १:
दादा, श्रिंक केलेली जागा डी च्या उजव्या टोकाला निघते आणि सी वाढवायला विंडोजला ती सी ला अगदी चिकटून उजवीकडे लागते, मध्ये डी बसलाय म्हणून अडतंय. डी चा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या, दोनचार फोटो उघडून खात्री करा, मग डी डिलीट, सी वाढवा, उरलेल्यात परत डी बनवा. माझ्या मते हाच सगळ्यात सेफ मार्ग.

उत्तर २:
जीपार्टेड (डिस्कचे भाग लहानमोठे करायचं, सरकवायचं फुकट टूल) पेनड्राइव्हवरून बूट करून डी सरकवता पण येतो, पण तासनतास लागू शकतात आणि मधेच लाईट गेली तर डेटा गेलाच समजा, म्हणजे बॅकअप तरीही हवाच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी बंद करा.

विचारणारा:
सी आणि डी च्या मध्ये छोटं रिकव्हरी पार्टिशन पण आहे, उडवू का?

उत्तर १:
नका हो उडवू! विंडोज बूट झालं नाही तर रिपेअरची टूल्स तिथूनच चालतात. मग जीपार्टेडनेच तेही उजवीकडे सरकवा, त्याआधी हायबरनेट (मेमरीतलं सगळं सी वरच्या फाइलमध्ये ठेवून पीसी बंद करायची सोय) बंद करा, तेवढ्यानेच सी वर काही जीबी सुटतील.